विश्लेषण : ओळखपत्राची मुदत संपली की उपचारही संपतात? अफगाण निर्वासितांच्या आरोग्याचा प्रश्न काय आहे?

पाकिस्तानात राहणाऱ्या सुमारे १३ लाख अफगाण निर्वासितांच्या ओळखपत्रांची मुदत ३० जून २०२५ रोजी संपली. मुदतवाढ देण्यास तेथील सरकारने नकार दिला आणि १ सप्टेंबरपासून या कार्डधारकांचीही रवानगी केली जाईल, असे जाहीर केले. इराणनेही लाखो अफगाणांना ६ जुलैपर्यंत देश सोडण्यास सांगितले होते. या दोन्ही देशांतून २०२५ या एका वर्षात २० लाखांहून अधिक लोक अफगाणिस्तानात परतले. या स्थलांतराच्या बातम्यांत सीमेवरची गर्दी, ट्रकवर लादलेले संसार दिसतात. पण त्या ट्रकमध्ये क्षयरोगाचे औषध अर्धवट राहिलेला रुग्ण, आठवड्यातून दोनदा डायलिसिस लागणारा माणूस, आठवा महिना लागलेली बाईही असते. त्यांच्या उपचारांचे काय झाले, याची नोंद ठेवणारी यंत्रणा सीमेच्या कोणत्याच बाजूला धड नाही.

निर्वासित एकच, कार्डे अनेक

सोव्हिएत फौजा डिसेंबर १९७९ मध्ये अफगाणिस्तानात घुसल्या, तेव्हापासून अफगाणांचे देशाबाहेर जाणे थांबलेले नाही. १९९० च्या आसपास देशाबाहेरील अफगाणांची संख्या साठ लाखांवर गेली होती. त्यातील बहुतेक जण पाकिस्तान आणि इराणमध्येच राहिले. अफगाणिस्तानचे क्रिकेटही पाकिस्तानातील निर्वासित छावण्यांत रुजले. आयपीएलमुळे आपल्याकडे घराघरांत पोहोचलेला रशीद खान आणि अष्टपैलू मोहम्मद नबी या दोघांच्याही बालपणाचा काही काळ पेशावरच्या परिसरात गेला.

या लोकांचे कागदोपत्री स्थान मात्र एकसारखे नाही. पाकिस्तानात २००६-०७ मध्ये नोंदणी झालेल्यांना ‘प्रूफ ऑफ रजिस्ट्रेशन’ म्हणजे पीओआर कार्ड मिळाले. २०१७ मध्ये आणखी सुमारे आठ लाख जणांना ‘अफगाण सिटिझन कार्ड’ दिले गेले. ते कमी दर्जाचे मानले जाते, कारण त्यात निर्वासित म्हणून संरक्षण नाही. तिसरा गट कागदच नसलेल्यांचा. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबानची सत्ता आल्यानंतर आलेले बहुतेक जण याच गटात मोडतात. रवानगीही याच उतरंडीने झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये आधी कागद नसलेल्यांना १ नोव्हेंबरची मुदत दिली गेली, मार्च २०२५ अखेर सिटिझन कार्डवाल्यांची पाळी आली आणि शेवटी पीओआर कार्डवाल्यांची.

इराणमध्ये २००३ पासून ‘आमायेश’ कार्डाची पद्धत आहे. ती सुमारे साडेसात लाख लोकांकडे आहेत. २०२२ मध्ये इराणने उरलेल्यांची शिरगणती केली आणि सुमारे २६ लाख जणांना तात्पुरत्या चिठ्ठ्या दिल्या. २०२५ मध्ये याच चिठ्ठ्या रद्द झाल्या. म्हणजे ज्यांनी सरकारवर विश्वास ठेवून स्वतःची नोंद केली, त्यांचाच पत्ता सरकारकडे होता. पुढच्या वेळी कोणी मोजणीला आले, तर हे लोक दार उघडतील का? आरोग्य सर्वेक्षण करणाऱ्यांपुढचा सर्वात अवघड प्रश्न तोच आहे.

दवाखान्यात कार्डाचे काय काम?

वरवर पाहता आजाराला कार्ड लागत नाही. पाकिस्तानातील सरकारी दवाखान्यांत अफगाण रुग्णांना वर्षानुवर्षे तपासले जात आहे. पेशावरची मोठी सरकारी रुग्णालये तर केवळ निर्वासितांचीच नव्हे, तर सीमेपलीकडून उपचारांसाठी येणाऱ्यांचीही भिस्त राहिली. पण बाह्यरुग्ण विभागात नाडी पाहणे वेगळे आणि शस्त्रक्रियेचा खर्च उचलणे वेगळे. पाकिस्तानची ‘सेहत कार्ड’ ही आरोग्य विमा योजना राष्ट्रीय ओळखपत्राशी जोडलेली आहे. खैबर पख्तुनख्वा प्रांतात या योजनेने स्थानिक कुटुंबांना मोफत शस्त्रक्रियेचा आधार दिला. शेजारच्या अफगाण घरात मात्र तीच शस्त्रक्रिया उधारीवर किंवा दागिने मोडून करावी लागते. त्याच गल्लीत, त्याच रुग्णालयात, त्याच डॉक्टरकडे!

शिवाय निर्वासित म्हणजे तंबूत राहणारे लोक, हे चित्र जुने झाले आहे. पाकिस्तानातील नोंदणीकृत अफगाणांपैकी साधारण ३० टक्केच ‘रेफ्युजी व्हिलेज’ म्हणवल्या जाणाऱ्या वस्त्यांत राहत होते. बाकीचे पेशावर, क्वेट्टा, कराची अशा शहरांत भाड्याच्या खोल्यांत, वीटभट्ट्यांजवळ, कचरा वेचणाऱ्यांच्या वस्त्यांत राहत. वस्तीत निदान संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेच्या (यूएनएचसीआर) मदतीने चालणारा प्राथमिक दवाखाना होता, लसीकरणाची वही होती, ओळखीची परिचारिका होती. शहरातल्या अफगाणाला त्यातले काहीच नाही. २००९ पासून या संस्थेने निर्वासित आणि त्यांच्या आसपासचे स्थानिक अशा दोघांसाठी मिळून दवाखाने, शाळा, पाण्याच्या सोयी सुधारण्याचा कार्यक्रम राबवला. निर्वासितांसाठी वेगळी रांग नको, स्थानिक रांगच मोठी करा, हा त्यामागचा विचार होता आणि तो शहाणपणाचा होता. पण २०२५ च्या शरद ऋतूत या वस्त्याच बंद करण्याचे आदेश निघाले आणि त्या दवाखान्यांच्या वह्याही बिनकामाच्या ठरल्या.

इराणची गोष्ट थोडी वेगळी

इराणची अफगाणविरोधी कारवाई कठोर आहे, पण आरोग्याबाबत त्या देशाने केलेले काम कमी लेखता येणार नाही. गावोगावच्या आरोग्य केंद्रांत लसीकरण, गर्भवतींची तपासणी यांसारख्या प्राथमिक सेवा कागदपत्रे न पाहता मोफत दिल्या गेल्या. करोनाकाळात लसही तशीच दिली गेली. २०१५ पासून आमायेश कार्डधारकांना इराणी नागरिकांसारख्याच सार्वजनिक आरोग्य विम्यात प्रवेश मिळाला. जगात निर्वासितांना राष्ट्रीय विम्यात घेणारे देश हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. थॅलेसेमिया, हिमोफिलिया, मूत्रपिंड निकामी होणे, मूत्रपिंड प्रत्यारोपण आणि मल्टिपल स्क्लेरोसिस या पाच ‘विशेष’ दुखण्यांच्या रुग्णांचा आणि अतिगरजू कुटुंबांचा हप्ता यूएनएचसीआर भरते.

पण इथेही तीच मेख आहे. विम्याचे दार आमायेश कार्डाने उघडते, शिरगणतीच्या चिठ्ठीने नाही. चिठ्ठीवाला किंवा कागद नसलेला बांधकाम मजूर मचाणावरून पडला, तर रुग्णालयाचे बिल त्यालाच भरावे लागते. इराणमधील अफगाण पुरुषांचा मोठा भाग बांधकाम, दगडखाणी, शेती अशा अंगमेहनतीच्या कामांत आहे. सर्वाधिक धोका ज्यांना, संरक्षण सर्वात कमी त्यांनाच, अशी ही रचना आहे. आर्थिक निर्बंध आणि महागाईमुळे विम्याचा हप्ता भरणेही अनेक कार्डधारकांना जड जाते. त्यामुळे बरेच जण आजारी पडल्यावरच विमा घेण्याचा विचार करतात.

गरजा मोजतात कशा आणि सुटते काय?

निर्वासितांच्या आरोग्यगरजा ठरवण्याची सर्वात सोपी पद्धत म्हणजे दवाखान्याचे रजिस्टर पाहणे. किती जण आले, कशासाठी आले, कोणते औषध दिले. या पद्धतीतून ताप, जुलाब, खोकला, त्वचारोग यांचे आकडे व्यवस्थित मिळतात. पण जो दवाखान्यात आलाच नाही, त्याची गरज शून्य धरली जाते. गाडीभाडे नव्हते म्हणून न आलेला, पोलीस पकडतील म्हणून न आलेला, घरात सोबत यायला पुरुष नव्हता म्हणून न आलेली, असे सगळे आकड्यांतून गळतात.

दुसरी पद्धत घरोघरी जाऊन विचारण्याची. ती महाग आहे, पण ती काय दाखवू शकते याचे उदाहरण पाकिस्तानातीलच आहे. १९९९-२००० मध्ये तेथील १२ अफगाण वस्त्यांत मृत्यूंचा अभ्यास झाला. घरात कोण वारले, कशाने वारले, आधी काय झाले होते, दवाखाना किती लांब होता, तिकडे जायचे कोणी ठरवले, असे प्रश्न कुटुंबांना विचारले गेले. प्रजननवयात मृत्यू पावलेल्या स्त्रियांपैकी ४१ टक्के स्त्रियांचा मृत्यू गर्भारपण किंवा बाळंतपणाशी संबंधित कारणाने झाल्याचे त्यातून पुढे आले. दर एक लाख जिवंत जन्मांमागे २९१ माता दगावत होत्या. महाराष्ट्रात हे प्रमाण आता ४० च्या आत आहे. इतर कारणांनी गेलेल्या स्त्रियांपेक्षा या स्त्रियांच्या वाटेत अडथळे अधिक होते आणि त्यांचे मृत्यू टाळता येण्याची शक्यताही अधिक होती. या वस्त्यांत दवाखाने नव्हते असे नाही. ते होते, त्यांची रजिस्टरेही होती. पण घरातल्या घरात रक्तस्राव होऊन गेलेली बाई रजिस्टरात कशी दिसणार?

त्याच सुमारास, २००२ मध्ये, खुद्द अफगाणिस्तानात असेच सर्वेक्षण झाले. काबूल शहरात मातामृत्यूचे प्रमाण लाखामागे ४१८, तर बदख्शान प्रांतातील राघ या दुर्गम जिल्ह्यात ते सुमारे ६,५०० होते. जगात कुठेही नोंदल्या गेलेल्या सर्वोच्च आकड्यांपैकी हा एक आहे. दोन्ही अभ्यासांची थेट तुलना करता येत नाही, कारण डोंगरातले राघ आणि पेशावरकडची रस्त्यालगतची वस्ती यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पण रस्ता, वाहन आणि प्रशिक्षित सुईण यांनी किती जीव वाचतात, हे कळायला एवढे पुरे आहे.

मोजणी नीट झाली तर उपायही नेमके सापडतात, याचे आणखी एक उदाहरण मलेरियाचे. ऐंशीच्या दशकात पाकिस्तानातील अफगाण वस्त्यांत मलेरिया झपाट्याने वाढला. निर्वासितांनीच तो आणला, अशी स्थानिकांची समजूत होती. प्रत्यक्षात अनेक जण मलेरिया कमी असलेल्या भागातून आले होते आणि पाणी साचणाऱ्या पडीक जमिनीवर वस्त्या बसवल्यामुळे त्यांना तो पाकिस्तानात आल्यावर झाला. त्या भागातले डास माणसांपेक्षा गुराढोरांचे रक्त अधिक पसंत करतात, हे लक्षात आल्यावर संशोधकांनी घरांच्या भिंतींऐवजी वस्तीतल्या जनावरांच्या अंगावर स्पंजने कीटकनाशक चोळून पाहिले. मलेरिया घटला. उघड्यावर झोपणाऱ्या कुटुंबांना मच्छरदाणी सोयीची नव्हती, म्हणून अफगाण लोक अंगावर घेतात ती चादरच कीटकनाशकात बुडवून देण्याचा प्रयोग झाला. त्याचाही उपयोग झाला. लोक झोपतात कसे, पांघरतात काय, गुरे बांधतात कुठे, हे कोणीतरी आधी जाऊन पाहिले होते म्हणून हे सुचले.

आज अशा घरोघरी पाहणीला दोन मोठे अडसर आहेत. एक म्हणजे भीती. दारावर येणारा माणूस आरोग्य कर्मचारी आहे की हद्दपारीची यादी करणारा, हे घरातल्यांना कळत नाही. पाकिस्तानातील पश्तून भागात या संशयाला आधीच एक काळी कडा आहे. ओसामा बिन लादेनचा माग काढताना अमेरिकेच्या सीआयएने २०११ मध्ये ॲबटाबादमध्ये डॉ. शकील आफ्रिदी यांच्यामार्फत लसीकरणाच्या नावाखाली माहिती गोळा करण्याचा प्रयत्न केला होता. त्याची किंमत लस देणारे कर्मचारी आजही मोजत आहेत. दुसरा अडसर स्त्रियांचा. अफगाण घरात परका पुरुष जाऊन बाईला पाळीबद्दल, गर्भपाताबद्दल, मारहाणीबद्दल विचारू शकत नाही. त्यासाठी स्त्री कर्मचारीच हवी. डिसेंबर २०२२ मध्ये तालिबानने स्वयंसेवी संस्थांत स्त्रियांना काम करण्यास बंदी घातली. आरोग्य क्षेत्राला काही प्रमाणात सूट मिळाली, पण सप्टेंबर २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अफगाण महिला कर्मचाऱ्यांना कार्यालयांत येण्यापासूनही रोखले गेले. स्त्रियांशी बोलता येत नसल्याने यूएनएचसीआरने परतणाऱ्यांना रोख मदत देणारी आपली केंद्रे काही काळ बंद ठेवली होती.

कोणते आजार सर्वाधिक अडचणीचे?

एकदाच औषध घेऊन बरे होणारे आजार स्थलांतरात कसेबसे निभावतात. खरी अडचण आहे ती महिनोन् महिने, वर्षानुवर्षे चालणाऱ्या उपचारांची. क्षयरोगाचे साधे औषधही सहा महिने घ्यावे लागते. मध्येच सुटले तर जंतू औषधाला जुमानेनासे होतात आणि मग उपचार लांबतात, महागतात. जगातील सर्वाधिक क्षयरुग्ण असलेल्या पहिल्या पाच देशांत पाकिस्तान आहे (पहिला क्रमांक भारताचा). तिथल्या दवाखान्यात तिसऱ्या महिन्यात असलेला रुग्ण तोरखम ओलांडून नंगरहारमध्ये आला, तर त्याचे कार्ड, त्याच्या गोळ्या, त्याचा थुंकीचा अहवाल सोबत येतो का, हे बहुतेक वेळा त्याच्या नशिबावर असते.

मधुमेह, रक्तदाब, मूत्रपिंडाचे विकार, कर्करोग हे तर निर्वासितांचे आजारच नाहीत, अशी मदत संस्थांचीही जुनी धारणा होती. छावणीच्या औषधपेटीत जुलाबाची पुडी असते, इन्सुलिन नसते. पण ४० वर्षे परदेशात काढलेल्या समाजात म्हातारी माणसे असणारच. थॅलेसेमियाच्या मुलाला दर काही आठवड्यांनी रक्त लागते. डायलिसिसचा रुग्ण दोन आठवडे थांबू शकत नाही. तेहरान किंवा पेशावरमध्ये या माणसांचे आयुष्य एका यंत्राभोवती, एका रक्तपेढीभोवती बसलेले होते. हद्दपारीच्या मुदतीने ते उचकटले.

मनाच्या दुखण्याबद्दल तर कोणी विचारतही नाही. जन्मापासून दुसऱ्या देशात वाढलेल्या मुलाला एका सकाळी ‘तुझ्या देशात’ जायला सांगतात, जो देश त्याने पाहिलेलाच नाही.

पोलिओचा संबंध काय?

जगात पोलिओचा विषाणू आजही स्थानिक पातळीवर टिकून असलेले दोनच देश आहेत, पाकिस्तान आणि अफगाणिस्तान. २०२३ मध्ये दोन्हीकडे प्रत्येकी सहा रुग्ण होते. २०२४ मध्ये ते पाकिस्तानात ७४ आणि अफगाणिस्तानात २५ झाले. याला अनेक कारणे आहेत. तालिबानने घरोघरी लसीकरण थांबवून मशिदीसारख्या ठिकाणी मुलांना आणण्याची सक्ती केली, हे एक. दुसरे कारण लोकांच्या हालचालींचे. ऑक्टोबर २०२३ पासून लाखो कुटुंबे घाईघाईने हलली. काही पाकिस्तानातच पोलिसांपासून लपत एका शहरातून दुसरीकडे गेली. लपलेल्या घरातले मूल लसीकरणाच्या यादीत येत नाही. तोरखम आणि चमनच्या फाटकावर थेंब पाजले जातात खरे, पण फाटकापर्यंत न आलेल्या मुलाचे काय? बेकायदा ठरवलेल्या माणसाला आरोग्यसेवेपासून दूर ठेवले की त्याचा त्रास त्याच्यापुरता राहत नाही, हे विषाणूने पाकिस्तानला दाखवून दिले.

परतलेल्यांना काय मिळते?

जुलै २०२५ मध्ये इराणच्या सीमेवरील इस्लाम कला येथून काही दिवशी ४० हजारांहून अधिक लोक परतत होते. जूनमध्ये इस्रायल-इराण युद्ध झाले, त्यानंतर हेरगिरीच्या संशयामुळे हद्दपारीचा वेग वाढला. उन्हाचा कडाका, उलट्या-जुलाब, अशक्तपणा, प्रवासातच कळा सुरू झालेल्या स्त्रिया, असे सगळे त्या धुळीच्या मैदानात एकत्र आले.

आणि आत देशात काय होते? अफगाणिस्तानची सार्वजनिक आरोग्यसेवा २००३ पासून परदेशी पैशावर आणि स्वयंसेवी संस्थांच्या कंत्राटांवर उभी राहिली. तालिबान सत्तेवर येताच २०२१ मध्ये मोठा निधी गोठला, नंतर संयुक्त राष्ट्रांमार्फत काही प्रमाणात सुरू झाला. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत रोखली आणि त्या वर्षभरात ४०० हून अधिक आरोग्य केंद्रे बंद पडली. दवाखाने कमी होत असतानाच रुग्ण वाढले. त्यात ३१ ऑगस्ट २०२५ च्या रात्री कुनार प्रांतात भूकंप होऊन २,२०० हून अधिक लोक मरण पावले. पाकिस्तानातून परतलेली अनेक कुटुंबे याच पूर्वेकडच्या प्रांतांत नव्याने बस्तान बसवत होती. आगीतून फुफाट्यात, एवढेच म्हणता येईल.

बाई डॉक्टर येणार कुठून?

या प्रश्नावर थोडे थांबायला हवे, कारण पुढची २० वर्षे यावर अवलंबून आहेत. २००२ मध्ये संपूर्ण अफगाणिस्तानात ४६७ प्रशिक्षित सुईणी होत्या. त्यानंतर जिल्ह्याजिल्ह्यात अभ्यासक्रम सुरू झाले, गावच्याच मुली निवडून त्यांना शिकवून गावी परत पाठवले गेले आणि ही संख्या हजारोंवर गेली. लाखामागे हजाराच्या पुढे असलेले मातामृत्यूचे प्रमाण संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये ५०० च्या आसपास आले. अजूनही हा आकडा भयंकरच आहे, पण एवढी घट कोणामुळे झाली, हे उघड आहे.

तालिबानने मुलींचे माध्यमिक शिक्षण २०२१ मध्ये, विद्यापीठ डिसेंबर २०२२ मध्ये आणि डिसेंबर २०२४ मध्ये परिचारिका व सुईणींचे प्रशिक्षण देणाऱ्या वैद्यकीय संस्थाही बंद केल्या. या शेवटच्या निर्णयाविरुद्ध रशीद खान आणि नबी या दोघांनीही जाहीरपणे आवाज उठवला होता. डिसेंबर २०२१ च्या आदेशानुसार ७२ किलोमीटरपेक्षा लांब जायचे तर स्त्रीला महरम, म्हणजे जवळचा पुरुष नातेवाईक, सोबत लागतो. विधवेने तो कुठून आणायचा? नोव्हेंबर २०२५ मध्ये हेरातमध्ये बुरखा नसलेल्या स्त्रियांना रुग्णालयात प्रवेश दिला जात नसल्याचे ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेने सांगितले. तालिबानने ते नाकारले.

विसंगती अशी, की पुरुष डॉक्टरने बाईला तपासू नये असा आग्रह धरणाऱ्या राजवटीनेच बाई डॉक्टर आणि सुईण तयार होण्याची वाट बंद केली. इराण-पाकिस्तानातून परतणाऱ्या कुटुंबांत तिथे शिकलेल्या परिचारिका आणि विद्यार्थिनी आहेत. त्यांच्या हाताला काम मिळाले, तर तूट थोडी भरून निघेल. पण त्यांचे अर्धवट राहिलेले शिक्षण पूर्ण करण्याची सोय आता देशात नाही.

औषधांचा मार्ग बदलतोय?

ऑक्टोबर २०२५ मध्ये पाकिस्तान आणि अफगाणिस्तान यांच्यात सीमेवर चकमकी झाल्या आणि तोरखमसह सीमा व्यापारासाठी बंद झाली. परतणाऱ्यांसाठी फाटक नंतर उघडले गेले, पण उलट दिशेने पेशावरला उपचारांसाठी जाणाऱ्यांसाठी नाही. २०१६ पासून पासपोर्ट-व्हिसाच्या सक्तीने ही वाट अरुंद झालीच होती. नोव्हेंबरमध्ये तालिबानचे उपपंतप्रधान अब्दुल गनी बरादर यांनी पाकिस्तानी औषधांच्या दर्जावर बोट ठेवत व्यापाऱ्यांना तीन महिन्यांत तिथून आयात थांबवण्यास सांगितले. अफगाण बाजारातील औषधांचा मोठा भाग पाकिस्तानातून येत असे. पर्याय उभा राहण्याआधी पुरवठा तोडला की काळा बाजार आणि बनावट औषधांचे फावते, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

या पोकळीत भारताने पाऊल टाकले आहे. ऑक्टोबरमध्ये तालिबानचे परराष्ट्रमंत्री अमीर खान मुत्तकी दिल्लीत आले, तेव्हा परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी २० रुग्णवाहिका देण्याची घोषणा करून पाच तिथेच सुपूर्द केल्या. काबूलमध्ये ३० खाटांचे रुग्णालय, कर्करोग केंद्र, थॅलेसेमिया केंद्र, तसेच पक्तिका, खोस्त आणि पक्तिया या सीमावर्ती प्रांतांत पाच प्रसूतिगृहे उभारण्याचे त्या वेळी ठरले. नोव्हेंबरअखेर ७३ टन औषधे काबूलला पोहोचली. यामागे मुत्सद्देगिरी आहेच, पण यादी पाहिली तर थॅलेसेमिया आणि बाळंतपण या दोन्ही गोष्टी नेमक्या दुखऱ्या जागेवर आहेत. प्रसूतिगृहांत काम करायला स्त्रिया कुठून येणार, हा प्रश्न मात्र दिल्लीने उघडपणे विचारलेला नाही.

दिल्लीतील अफगाणांची स्थिती काय?

भारतात यूएनएचसीआरकडे नोंदणी केलेले काही हजार अफगाण आहेत, बहुतेक दिल्लीत. लाजपतनगर, भोगल, मालवीयनगर आणि शीख-हिंदू अफगाणांचे टिळकनगर या त्यांच्या वस्त्या. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही (पाकिस्ताननेही नाही, इराणने केली आहे). सरकारी रुग्णालयांत त्यांना तपासले जाते, मुलांना लस मिळते. अडते ते पुढे. आधार नसल्याने सरकारी विमा योजनांचा लाभ नाही, भाषा नीट येत नसल्याने डॉक्टरशी बोलताना शाळेत जाणारे पोरच आईचे दुखणे हिंदीत सांगते.

दिल्लीत आणखी एक अफगाण रुग्ण दिसत असे. तो वैद्यकीय व्हिसावर यायचा, पैसे मोजायचा आणि खासगी रुग्णालये त्याच्यासाठी दरी-पश्तो दुभाषे ठेवायची. ऑगस्ट २०२१ मध्ये भारताने जुने व्हिसे रद्द केल्यावर ही वर्दळ आटली. एप्रिल २०२५ पासून वैद्यकीय कारणांसाठी पुन्हा व्हिसा दिला जाऊ लागला आहे. एकाच शहरात पैसे मोजणाऱ्या अफगाण रुग्णाला दुभाषा मिळतो, पण निर्वासिताला नाही.

तातडीने काय करता येईल?

आजारी लोक, उच्च शिक्षण घेणारे आणि पाकिस्तानी जोडीदार असलेले यांना रवानगीतून वगळावे, अशी विनंती यूएनएचसीआरने पाकिस्तानला केली आहे. डायलिसिस, कर्करोग आणि क्षयरोगाचे रुग्ण यांच्यापुरती जरी ती मान्य झाली, तरी त्यामुळे पाकिस्तानचे धोरण बदलत नाही, फक्त काही माणसे उपचार पूर्ण होईपर्यंत थांबतात. दुसरी गोष्ट त्याहून साधी आहे. परतणाऱ्या प्रत्येक रुग्णाच्या हातात त्याच्या आजाराची, चालू औषधांची आणि मुलांच्या लशींची दरी किंवा पश्तो भाषेतील एक पानभर चिठ्ठी आणि निदान महिनाभराची औषधे द्यायची. पोलिओच्या थेंबांसाठी तोरखम आणि चमनच्या फाटकावर टेबल आधीच मांडलेले आहे. तिथेच आणखी एक खुर्ची ठेवावी लागेल, आणि तिच्यावर स्त्रियांशी बोलू शकेल अशी एखादी बाई बसवावी लागेल.